आडापुरता दोर

फार वर्षांमागची गोष्ट. तेव्हा डोंगरांना अजून नावं पडायची होती आणि रानातल्या वाटा माणसांपेक्षा जनावरांच्याच जास्त होत्या. अशा एका डोंगराच्या माथ्यावर, अगदी कड्याच्या काठाशी, मध काढणाऱ्यांचं एक गाव होतं.

गावाच्या खाली उभा कडा. कड्याच्या पोटाला आग्या मोहळाची मोठमोठी पोळी लटकलेली. गावचे पुरुष दोराला बांधून घेऊन खाली उतरत, पेटवलेल्या गवताच्या चुडीचा धूर करत, पोळी कापत आणि मध घेऊन वर येत. त्या मधाच्या बदल्यात खालच्या गावांतून धान्य येई, मीठ येई, कापड येई. म्हणून त्या गावात देवाच्या खालोखाल मान होता तो दोराला.

दोराची तिथं एक रीत होती. मुलगा जन्मला की बारशाच्या दिवशी बाप त्याच्या नावानं दोर वळायला घेई. केवणीच्या झाडाची साल पाण्यात भिजत घालायची, ठोकून तिचे वाख, म्हणजे धागे, काढायचे आणि पीळ देत देत दोर वळायचा. दर साली त्यात भर पडे. पोराला मिसरूड फुटेपर्यंत दोर कड्याच्या तळाला टेके आणि मग त्याच दोरानं पोरगा पहिल्यांदा खाली उतरे.

मुलगी जन्मली तरी बाप दोर वळायला घेई बरं का! त्या गावात मुलींवर माया नव्हती, असं कुणी समजू नका. मुलीचा दोर तर बाप जास्त मऊ वळत, तिच्या तळहातांना काचू नये म्हणून. फक्त तो आडाच्या तळाशी पोचला, की त्याच्या टोकाला गाठ मारून टाकत. पक्की, कायमची गाठ. तिथून पुढं दोर वाढायचा नाही. मुलगी त्या दोरानं माहेरच्या आडाचं पाणी शेंदायची, लग्नात तोच दोर सासरी न्यायची आणि तिथल्या आडाचं पाणी शेंदायची. आडाच्या पलीकडे मुलीला दोर कशाला हवा, असं कुणी म्हणत नसे, कारण तसा प्रश्नच कुणाला पडत नसे.

या गावात कोंडाजी नावाचा माणूस राहत असे. एके काळी तो मध काढण्यात पटाईत होता. मग एकदा कड्यावर आपटून त्याचा गुडघा जायबंदी झाला, तेव्हापासून तो दोर वळी आणि दुसऱ्यांचे दोर वर उभा राहून धरी. त्याच्यासारखा दोर वळणारा पंचक्रोशीत नव्हता. त्याची बायको गिरजा. आणि त्यांची एकुलती एक लेक साळू.

काही मुली चुणचुणीत असतात, काही बडबड्या असतात. साळू संथ होती. अंगण झाडताना मुंग्यांची रांग आडवी आली, तर ती पार होईपर्यंत झाडू हातात धरून उभी राही. पाण्याला गेली की परत येईपर्यंत चूल विझे. गावातल्या बायका म्हणत, "गिरजे, तुझी पोर गोगलगाय गं बाई! कसं व्हायचं हिचं?" गिरजा हसून सोडून देई. कोंडाजीही लेकीला लाडानं गोगलगायच म्हणे.

पण एक गोष्ट त्यानं पाहून ठेवली होती. अंगणात मधमाशी आली की इतर पोरं हात झाडत पळायची. साळू मात्र हात पुढं करून बसायची. माशी येऊन बसायची, मनगटावरून फिरायची आणि आपल्या वाटेनं निघून जायची. कधी डंख नाही, कधी गडबड नाही.

साळूचा दोर आडाच्या तळाला टेकला, त्या दिवशी कोंडाजी ओट्यावर गाठ मारायला बसला. साळू शेजारी येऊन बसली. त्यानं पेड उलगडून गाठीला घेतले, तसा तिनं त्याच्या हातावर हात ठेवला.

"आबा, गाठ नका मारू. दोर वाढवा."

कोंडाजी हसला. "का गं? आडाचं पाणी खाली गेलं की काय?"

"आडासाठी नाही. कड्यासाठी."

आत भाकरी थापणाऱ्या गिरजाचे हात थांबले. कोंडाजीचं हसू मावळलं. कडा काय असतो, ते त्याच्या गुडघ्याला ठाऊक होतं.

"पोरी कड्यावर उतरत नाहीत, साळू."

"दोर मिळाला तर उतरतील की, आबा. मला माशांच्या घरी जाऊन बघायचंय. मला दुसरं काही म्हणजे काही नको."

कोंडाजीनं रागवावं, तर पोरीनं काही वाईट मागितलं नव्हतं. हो म्हणावं, तर डोळ्यांसमोर कडा येत होता. मग अडचणीत सापडलेले सगळे बाप करतात, तेच त्यानं केलं. "बरं, उद्या बघू," म्हणाला आणि दोर तसाच, गाठीवाचून, खुंटीला अडकवून ठेवला.

तो उद्या काही उगवला नाही. पण दोर मात्र वाढायला लागला.

साळूच वाढवत होती. गिरजा गुपचूप साल भिजत घाली, साळू वाख काढी आणि आपल्या संथ हातांनी पीळ देई. कोंडाजीला ते दिसत होतं. खुंटीवरचं वेटोळं दर हंगामाला जाड होत होतं, ते न दिसायला तो काय आंधळा होता? पण त्यानं न पाहिल्यासारखं केलं. पाहिलं असतं तर नाही म्हणावं लागलं असतं.

एकदा मात्र त्याची पंचाईत झाली. सहज म्हणून त्यानं वेटोळ्यावरून हात फिरवला आणि बोटांना एक कच्चा सांधा लागला. भर दिला की तिथं दोर सुटला असता. कोंडाजी बाहेर जाऊन बसला, पुन्हा आत आला. सगळं न पाहिल्यासारखं करता येईल, पण कच्चा सांधा कसा काय सोडायचा? शेवटी मायलेकी आडावर गेल्याचं बघून त्यानं तो सांधा उसवला, नवे पेड गुंफले आणि असा पक्का करून ठेवला की हत्ती टांगला तरी सुटणार नाही.

साळूनं परत आल्यावर दोर हातात घेतला. नवा सांधा तिला कळला. त्या दिवशी तिनं आबांना दोनदा गूळ वाढला.

साळू मोठी झाली. दोर कड्याच्या तळाला टेकेल एवढा झाला. त्या साली मधाचा हंगाम सुरू झाला आणि नवी पोरं उतरायच्या दिवशी सगळं गाव काठावरच्या जांभळीखाली जमलं. साळू आपला दोर खांद्यावर घेऊन पोरांच्या मागं जाऊन उभी राहिली.

मध काढणाऱ्यांच्या म्होरक्याला गावात नाईक म्हणत. नाईकानं तिला पाहिलं. "साळू, पाण्याची वाट तिकडं आहे," तो म्हणाला. लोक हसले.

"मला कड्यावर उतरायचंय, नाईककाका."

"आपल्यात तशी रीत नाही."

"दोर ज्याचा, त्यानं उतरायचं, हीच रीत ना? हा माझा दोर आहे."

नाईक डोकं खाजवू लागला. रीत होती खरी तशीच. मग त्याला दुसरी रीत आठवली. उतरणाऱ्यावर ज्याची सगळ्यात जास्त माया, त्यानं गावासमोर "मी धरतो" म्हणायचं आणि दोर धरायचा. तसं कुणी म्हटलं तरच उतरता येई. "धरणार कोण तुझा दोर?" त्यानं विचारलं.

सगळ्यांच्या माना कोंडाजीकडे वळल्या. साळूची मात्र वळली नाही. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी राहिली, आबांना भीड पडू नये म्हणून. कोंडाजीला ते उमगलं आणि तो एक पाऊल पुढं आला.

"मी धरतो," तो म्हणाला. आवाज जेमतेम फुटला, पण फुटला.

साळूच्या कमरेला दोर बांधला, गळ्यात बुधला अडकवला आणि हातात चूड दिली. कोंडाजीनं जांभळीच्या बुंध्याला वेढा दिला आणि दोर हातात घेतला. वरच्याला खालचं दिसत नसे, म्हणून खुणा ठरलेल्या होत्या. खालून एक हिसका आला की दोर सैल सोडायचा. दोन आले की वर ओढायचं.

साळू काठावरून खाली गेली. तिचं डोकं दिसेनासं झालं. कोंडाजीनं दोर थोडा सोडला, आणखी थोडा सोडला. कड्याच्या मध्यावर एक खोल कपार होती. तिच्यात माशांची जुनी वस्ती होती, पण चिंचोळ्या जागेत चुडीचा धूर झाला की माशा खवळत, म्हणून आजवर कुणी तिच्यात शिरलं नव्हतं. साळूला तिथंच जायचं होतं. ती कपारीच्या तोंडाशी पोचली. आत झोका घ्यायला तिला आणखी दोर हवा होता.

खालून एक हिसका आला.

कोंडाजीला तो कळला. सुटलेल्या दोरावरून ती कपारीशी पोचली आहे, हेही कळलं. पण सोडला की पोर आत जाणार, हाताच्या पलीकडे जाणार. त्याची बोटं उघडलीच नाहीत.

पुन्हा एक हिसका आला. कोंडाजीनं दोर आणखी आवळला. खाली साळू ताणलेल्या दोरानं कपारीच्या तोंडापासून बाजूला खेचली गेली आणि तिचा खांदा खडकावर घासला. तिचं ओरडणं वर ऐकू आलं. मग मात्र कोंडाजीनं मागचापुढचा विचार न करता तिला सरळ वर ओढून घेतलं.

साळू रिकाम्या हातांनी वर आली. खांदा सोललेला. लोक हळहळले. "असू दे पोरी," नाईक समजुतीनं म्हणाला, "बायकांच्या जातीला जमायचं नाही ते." साळूनं दोर गुंडाळला आणि ती घराकडे चालू लागली. आणि कोंडाजीला काय वाटलं म्हणाल, तर त्याला आधी हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याची लाज वाटली.

घरी गिरजानं लेकीच्या खांद्याला हळद लावली. कोंडाजी दारात बसून राहिला.

"आबा," साळू हळूच म्हणाली, "मी एकेकदाच ओढलं होतं."

"मला वाटलं, दोनदा."

"नाही आबा. तुम्हाला कळलं होतं."

कोंडाजीनं मान खाली घातली. साळूच्या आवाजात राग असता, तर बरं झालं असतं. पण तिथं राग नव्हता.

"तुमचा हात घट्ट होता म्हणून मी भ्याले नाही," ती म्हणाली. "पण तुमचा हात घट्ट होता म्हणूनच मी पोचलेही नाही."

एवढं बोलून ती गोठ्याकडे गेली. गिरजा उठली. कोपऱ्यात घागरीवर तिचा स्वतःचा आडाचा दोर पडला होता, तो तिनं आणून नवऱ्याच्या मांडीवर ठेवला.

"हा कधी नीट बघितलाय तुम्ही?"

कोंडाजीनं बघितलं. रोज डोळ्यांसमोर असलेला दोर. टोकाची गाठ पाण्यानं आणि हातांनी झिजून गुळगुळीत झाली होती, नदीतल्या गोट्यासारखी.

"मीही कड्याचं विचारलं होतं माझ्या बापाला," गिरजा म्हणाली. "तेव्हा मी साळूपेक्षा लहान होते. बाप फार मायेचा. त्यानं मला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि गाठ मारली."

"तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाही. आणि गाठ मारल्यावर बोलायचं तरी काय?"

ती आत निघून गेली. कोंडाजी तो दोर मांडीवर घेऊन गाठीवरून अंगठा फिरवत राहिला. ज्या बाईनं त्याच्या घरी सगळा जन्म पाणी भरलं, तिला एके काळी कुठं तरी उतरायचं होतं. कुठं, ते त्याला आज प्रथमच कळलं. त्याचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव जांभळीखाली जमलं, तेव्हा कोंडाजी लंगडत सगळ्यांच्या मध्ये येऊन उभा राहिला.

"काल पोरीला जमलं नाही, असं तुम्ही म्हणालात. ते खरं नाही. ती दोर मागत होती आणि मी देत नव्हतो. ती भ्याली नाही, मी भ्यालो. आज ती पुन्हा उतरेल. मी धरतो."

या वेळी आवाज पार पलीकडच्या डोंगरापर्यंत गेला. साळूनं चटकन वर पाहिलं. आयुष्यात चटकन केलेली तिची ती पहिलीच गोष्ट असावी.

ती उतरली. एक हिसका आला, कोंडाजीनं दोर सोडला. पुन्हा आला, पुन्हा सोडला. घट्ट धरणं सोपं असतं, लेकरांनो, आणि सोडून देणंही सोपं असतं. धरून ठेवून सोडत राहणं, हे भारी कठीण. कोंडाजीच्या तळहातांची साल निघाली, पण दोर अडला नाही. मग एक मोठा झोका जाणवला आणि दोर एकदम स्तब्ध झाला. साळू कपारीत शिरली होती.

बराच वेळ गेला. वरची माणसं चुळबुळ करू लागली. कुणी म्हणालं, "ओढ रे बाबा!" कुणी म्हणालं, "एवढा वेळ काय करते आत?" नाईक तर दोराला हात घालायला धावला.

कोंडाजीनं त्याला खांद्यानं अडवलं. "तिनं अजून सांगितलं नाही."

"अरे, पण काही झालं असेल तर?"

"काही झालेलं नाही. माझी साळू आहे ती. तिला वेळ लागतो." आणि एवढ्या भीतीतही त्याला हसू आलं. मुंग्या जाईपर्यंत झाडू धरून उभी राहिलेली पोर त्याला दिसली. लहानपणापासून सगळ्यांनी जिचा संथपणा सोसला, ती आता त्या कपारीत माशांना आपला संथपणा देत होती.

शेवटी दोन हिसके आले.

कोंडाजीनं ओढलं. नाईकानं ओढलं. जांभळीखालच्या सगळ्यांनी ओढलं. साळू वर आली. अंगाखांद्यावर दोन-चार माशा अजून फिरत होत्या, गळ्यात मधाचा बुधला भरून ओसंडत होता आणि चेहरा असा उजळला होता की कोंडाजीला क्षणभर ती अनोळखी वाटली.

"आबा," ती म्हणाली, "आत किती जागा आहे! बाहेरून कळतच नाही."

कोंडाजीनं तिला पोटाशी धरलं. मग साळूनं बुधल्यात बोट बुडवलं आणि पहिला मध आईच्या जिभेवर ठेवला. गिरजानं डोळे मिटून घेतले.

नाईकाचा तोरा मात्र लगेच कसा उतरेल? "एवढ्या वेळात आम्ही पोळ्यांची सगळी रांग कापून आणली असती," तो म्हणाला.

"हो काका. पण तुम्ही सगळंच पोळं कापता. मी धूर थोडासाच केला आणि फक्त मधाचा भाग घेतला, पिल्लांचा तसाच ठेवला. माशा तिथंच आहेत."

नाईकानं हुं केलं. पुढच्या हंगामात कड्यावरच्या कितीक जागा ओस पडल्या आणि साळूच्या कपारीत माशा गजबजलेल्या राहिल्या, तेव्हा त्यानं पुन्हा एकदा हुं केलं, पण जरा वेगळ्या सुरात. आणि आपली धाकटी लेक कधी उतरायचं म्हणालीच, तर तिला साळूबरोबर पाठवायला तयार झाला.

पुढं गावात एका घरी मुलगी झाली. बारशाला तिचा बाप वाखांची जुडी घेऊन कोंडाजीकडे आला. "मामा, हिचा दोर केवढा वळू? कड्याएवढा?"

"मला काय विचारतोस?" कोंडाजी म्हणाला. "तिला मोठी होऊ दे, मग तिलाच विचार. तोवर वळत राहा. फक्त गाठ मारू नकोस."

मग त्या गावातल्या पोरींचे दोर कुठकुठे गेले! साऱ्याच काही कड्यावर उतरल्या नाहीत. एकीनं ओढ्यावर झुलता साकव बांधला. एक दोर खांद्यावर टाकून डोंगरापल्याड गेली आणि परत आली ती नव्या बियाणांची गाठोडी घेऊन. एकीनं आपला लांबलचक दोर आडावरच ठेवला, मजेत पाणी भरलं आणि उरलेल्या दोराचा चिंचेला झोपाळा बांधला. तिलाही कुणी नावं ठेवली नाहीत.

आणि कोंडाजीनं आणखी एक काम केलं. एका दुपारी तो गिरजाचा दोर घेऊन ओट्यावर बसला आणि टोकाची ती जुनी गाठ सोडवू लागला. पाण्यानं आवळून गेलेली गाठ, सुटता सुटेना. त्यानं ती दातांनी धरली, लाकडी सुळ्यानं उकलली, पेड न पेड मोकळा केला.

"अहो, या वयात मी कुठं उतरणार आता?" गिरजा म्हणाली.

"नको उतरूस. पण गाठ नको."

गिरजा हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडाजी उठला, तर दारात केवणीची साल भिजत घातलेली होती आणि साळू आईशेजारी बसून, सावकाश, वाख काढत होती.

म्हणून सांगतो, लेकीवर माया करायची तर तिचा दोर घट्ट धरावा, पण त्याच्या टोकाला गाठ कधी मारू नये.